बिनतारी विमानांची पडझड

हौशी लोकांनीं घरीं तयार केलेलीं आणि रेडिओच्या लहरींनीं जमिनीवरून चालविलेलीं छोटीं विमानें किती वेळां कोसळतात, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचें उत्तर आंकड्यांत देतां येणार नाहीं. माणसें वाहून नेणारें विमान कोठेंहि पडलें कीं त्याची चौकशी होते, मोडक्या भागांची तपासणी होते, आणि दोष कोणाचा तें ठरवून अहवाल प्रसिद्ध केला जातो. पण माळरानावर एखाद्या गृहस्थाचें चार हात पंखांचें विमान नाक खुपसून पडलें तर त्याची नोंद कोणत्या दप्तरांत होणार? तो गृहस्थ खालीं मान घालून शेतांतून चालत जातो, तुकडे गोळा करून पिशवींत भरतो, आणि घरीं कोणी विचारलेंच तर 'आज वारा फार होता' एवढेंच सांगतो. ज्या घटनेची नोंद ठेवावी असें तिच्या कर्त्यासच वाटत नाहीं तिचा इतिहास लिहिणें अवघड असतें, हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

तथापि या पडझडीस इतिहास आहे. 'किती वेळां' हा प्रश्न बाजूस ठेवून 'कोणाच्या दोषानें' हा प्रश्न हातीं धरला तर तो बराच स्पष्ट दिसूं लागतो. गेल्या दीडशें वर्षांत हा दोष विमानाच्या बांधणीवरून रेडिओवर, आणि रेडिओवरून माणसाच्या हातावर असा सरकत आला आहे असें आमचें मत आहे. हौशी मंडळींनीं तो आपल्यावर येऊं नये म्हणून शिकस्त केली, हेंहि त्याच इतिहासांत दिसून येतें.

प्रथम रेडिओपूर्वीच्या काळाकडे वळूं. इंग्लंडांतील सर जॉर्ज केली यांनीं १८०४ सालीं सुमारें पांच फूट लांबीच्या काठीवर पतंगासारखा पंख बसवून मागें हवी तशी वळवितां येणारी शेपटी जोडली, आणि तें इंजिनरहित विमान उतारावरून सोडून पाहिलें. आज आपण ज्यास विमानाचा आकार म्हणतों तो येथें प्रथम दिसतो. परंतु लहान विमानास आपला तोल आपणच सांवरतां आला पाहिजे, ही गोष्ट पुरती ध्यानांत घेऊन तें रचणारा गृहस्थ म्हणजे फ्रान्समधील आल्फोंस पेनो. पिळलेल्या रबराच्या जोरावर पंखा फिरविणारें त्याचें विमान १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्विलेरी बागेंत अकरा सेकंद हवेंत राहून सुमारें ४० मीटर गेलें. अकरा सेकंद हा काल आज कोणास हास्यास्पद वाटेल. पण बिघडलेला तोल आपोआप सांवरीत जाणें हीच त्या काळीं मोठी सिद्धि होती. पेनोनें पुढें माणसें नेणाऱ्या विमानाचा आराखडा केला, त्यास कोणी पैसा दिला नाहीं, आणि १८८० सालीं, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, त्यानें आत्महत्या केली.

पेनोच्याच धर्तीचें एक रबरी खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंत एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांकरितां घरीं आणलें. बांबू, बूच आणि कागद यांचें तें खेळणें छतापर्यंत जाई, तेथें आपटून खालीं पडे, आणि लौकरच मोडलें. मुलांनीं तसेंच दुसरें केलें, मग त्याहून मोठें केलें, आणि मोठें केलेलें कांहीं केल्या नीट उडेना. लांबी-रुंदी दुप्पट केली तर शक्ति आठपट लागते हा हिशेब त्यांस त्या वयांत ठाऊक नव्हता. तो प्रश्न मात्र मोडक्या खेळण्यांनीं त्यांच्यापुढें टाकून ठेवला. हीं मुलें म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

लहान विमान पाडून शिकणें आणि माणसास घेऊन पडणें यांतील अंतर सॅम्युएल लँग्ली यांच्या चरित्रांत जितकें उघड दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल. लँग्ली हे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे मुख्य चिटणीस. त्यांनीं प्रथम रबरी विमानें डझनांनीं केलीं व मोडलीं, नंतर वाफेच्या इंजिनाचीं केलीं. पोटोमॅक नदींत एक घरनाव नांगरून तिच्या छपरावरून तीं यंत्रें फेंकावयाचीं आणि पाण्यांतून तुकडे वेंचून काढावयाचे, असा क्रम त्यांनीं चालविला. अखेर ६ मे १८९६ रोजीं त्यांचें पांचव्या क्रमांकाचें यंत्र सुमारें एक किलोमीटर उडालें आणि वाफ संपल्यावर अलगद पाण्यावर उतरलें; टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांनीं तें स्वतः पाहिलें व त्याचें छायाचित्र घेतलें. या यशानंतर सरकारनें पन्नास हजार डॉलर दिले, चालकासह उडावयाचें मोठें यंत्र तयार झालें, आणि १९०३ च्या ७ ऑक्टोबरला व ८ डिसेंबरला तें दोनदां त्याच नदींत कोसळलें. चालक सुदैवानें वांचला. वर्तमानपत्रांनीं लँग्लींची मात्र यथेच्छ थट्टा केली. लहान यंत्रें नदींत पडत होतीं तोंवर तो प्रयोग होता. मोठें पडलें तेव्हां ती फजिती ठरली.

याच काळांत, १८९५ सालीं, शिवकर बापूजी तळपदे यांनीं मुंबईच्या चौपाटीवर चालकावांचून विमान उडविलें अशी एक कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. ती खरी असती तर आम्हांसहि आनंदच झाला असता. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाहीं; आणि आमच्या मतें त्याहून शंकास्पद गोष्ट ही कीं, आम्हीं ऐकलेल्या कथेंत त्यापूर्वीं मोडलेल्या विमानांची हकीकत कोठेंच येत नाहीं. पहिल्याच खेपेस आकाशांत चढलेलें विमान इतिहासांत दुसरें आम्हांस तरी आढळलेलें नाहीं. लँग्लींच्या यशावर विश्वास बसतो तो त्यांच्या अपयशांची यादी लांबलचक आहे म्हणून.

या साऱ्या यंत्रांत एक वैगुण्य समान होतें. हातांतून सुटलेल्या विमानाशीं कर्त्याचा संबंध तेथेंच संपे. तें पडणें न पडणें हें घरीं टेबलावर, पंखाचा कोन व वजनाची जागा ठरवितांनाच, ठरून गेलेलें असे. मैदानावर कर्ता केवळ प्रेक्षक. १९३० नंतर लहान पेट्रोल इंजिनें हौशी लोकांच्या आटोक्यांत आलीं तेव्हां दुसरेंच संकट उभें राहिलें. चांगलें रचलेलें विमान पडेना, तर उडून जाई. वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहांत सांपडलें कीं तें दृष्टीआड होऊन दुसऱ्या गांवीं उतरे, आणि मालक सायकलवरून त्याचा शोध करीत हिंडे. विमानास परत बोलावितां यावें ही इच्छा रेडिओकडे वळण्याच्या मुळाशीं होती असें आम्हांस वाटतें.

रेडिओनें यंत्र चालवितां येतें हें निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालींच न्यूयॉर्क येथें लोकांपुढें सिद्ध केलें होतें. पण त्यांनीं चालविली ती नाव. नाव आणि विमान यांत एक निष्ठुर भेद आहे. आज्ञा पोंचली नाहीं तर नाव पाण्यावर तरंगत राहते. विमानास थांबून विचार करण्याची सोय नाहीं. युद्धखात्यांनीं हा भेद पुष्कळ पैसा खर्चून अनुभवला. पहिल्या महायुद्धांत आर्चिबॉल्ड लो यांनीं ब्रिटिश सैन्याकरितां रचलेलें चालकरहित विमान १९१७ च्या मार्चमध्यें अपॅव्हन येथें अधिकाऱ्यांसमोर उडालें आणि थोडक्याच वेळांत कोसळलें. पुढें ब्रिटिश आरमारानें तोफांच्या नेमबाजीसाठीं 'फेअरी क्वीन' नांवाचीं विमानें केलीं. त्यांतील पहिलीं दोन १९३२ सालीं जहाजावरून सुटतांच समुद्रांत पडलीं. तिसरें मात्र तोफांचा मारा चुकवून शाबूत राहिलें. पाडून घेण्यासाठींच जन्मास घातलेलें विमान स्वतः होऊन पडलें तर आरमार नाराज होतें आणि तोफांनीं पडलें नाहीं तरीहि नाराज होतें, असा हा विचित्र संसार होता. परंतु सैन्याचा पैसा सैन्याचा. आमचा विषय हौशी माणूस.

१९३७ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें नमुना-विमानांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत रेडिओच्या विमानांसाठीं प्रथमच स्वतंत्र विभाग ठेवण्यांत आला. स्पर्धक अवघे सहा. त्यांपैकीं दोघांचीं विमानें सरळ नाक वर करून चढलीं, त्यांचा वेग सरला, आणि पांच सेकंदांच्या आंत तीं जमिनीवर आदळलीं. तिघांस उडतांच आलें नाहीं. चेस्टर लँझो यांनीं बक्षिस मिळविलें तें सर्वांत हलक्या व साध्या विमानाच्या बळावर; तेंहि कांहीं मिनिटें वेडेंवांकडें फिरलें इतकेंच. त्या विमानांच्या पोटांत काय भरलेलें असे याची कल्पना केली तर यांत नवल वाटत नाहीं. रेडिओच्या दिव्यांस तापविण्याकरितां एक बॅटरी, त्यांस दाब पुरविण्याकरितां दुसरी जड बॅटरी, नाजूक रिले, सुकाणूं हलविणारें यंत्र, आणि हें सारें बालसा लाकूड व रेशमी कापड यांच्या सांगाड्यांत टांगलेलें. इंजिनाच्या कंपनांनीं रिलेचे कांटे आपोआप चिकटत. विमान पडलें कीं जड बॅटरी पुढें सुटून उरलेलें सारें चिरडून टाकी. म्हणजे अपघाताचें कारण सांगूं शकणारा साक्षीदारच प्रथम नाहींसा होई.

या परिस्थितींत मिशिगन प्रांतांतील कॅलामझू गांवच्या वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं जें केलें तें खरोखर स्तुत्य आहे. त्यांच्या आठ फूट पंखांच्या व सुमारें साडेआठ पौंड वजनाच्या 'गफ' विमानानें १९३७ सालींच रेडिओच्या आज्ञा मानल्या, आणि १९३८ पासून राष्ट्रीय स्पर्धांत तें वारंवार पहिलें आलें. युद्धानंतर १९४७ सालींहि तेंच जिंकलें. भावांपैकीं एकास विमानें रचण्याचा नाद, दुसऱ्यास रेडिओचा, अशी कामाची वांटणी पडल्यामुळें एकाचा दोष दुसऱ्याच्या लक्षांत येत असला पाहिजे. हें विमान पुढें १९६० सालीं स्मिथ्सोनियन संस्थेस अर्पण करण्यांत आलें. ज्या संस्थेच्या चिटणिसाचीं यंत्रें पोटोमॅकमध्यें बुडालीं तिच्याच संग्रहांत न मोडतां आलेलें हें विमान विसांवलें आहे.

युद्धोत्तर काळांत रेडिओ हलका व स्वस्त झाला आणि हौशी चालकांची संख्या वाढली. अर्थात् पडणाऱ्या विमानांचीहि वाढली. त्या काळच्या एकाच कळीच्या यंत्राविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण पडझडीचा असा सुपीक काळ पूर्वीं झाला नाहीं व पुढेंहि आला नाहीं. चालकाच्या हातीं एक कळ असे. ती दाबली कीं विमानांतील 'एस्केपमेंट' नांवाची पिळलेल्या रबरावर चालणारी योजना एक घर पुढें सरके आणि सुकाणूं, समजा, उजवीकडे वळे. कळ सोडली कीं तें मध्यावर येई. पुन्हां दाबली तर आतां डावीकडे. म्हणजे गेल्या खेपेस विमान कोणत्या बाजूस वळविलें होतें हें चालकानें लक्षांत ठेवलें पाहिजे. आकाशांतील विमान, हातांतील कळ आणि मनांतील मोजदाद या तिहींचा मेळ एका क्षणीं चुकला कीं उजवीकडे वळावयाच्या ऐवजीं विमान डावीकडच्या झाडांत. मध्येंच कोठल्या मोटारीच्या ठिणगीनें रिसीव्हर फसला तर एक घर आपोआप पुढें सरके आणि चालकास त्याची वार्ताहि नसे. रबराचा पीळ संपला तर सुकाणूं होतें तेथेंच अडके. मग विमान घिरट्या घेत, दर घिरटीस अधिक वेगानें, मळसूत्रासारखें खालीं येई. वर जाणें, खालीं येणें, इंजिनाचा वेग कमी करणें या गोष्टींवर चालकाची सत्ताच नव्हती. उंची कमी करावयाची तर सुकाणूं दाबून धरून हीच प्राणघातक घिरटी जाणूनबुजून घ्यावयाची आणि वेळेवर सोडावयाची. वेळेवर म्हणजे केव्हां, हें ज्यानें त्यानें एकेक विमान खर्चून शिकावयाचें.

पुढें निरनिराळ्या सुरांस दाद देणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे रिसीव्हर आले, त्यामुळें सुकाणूं, शेपटी व इंजिन यांस वेगवेगळ्या आज्ञा देतां येऊं लागल्या. तरी आज्ञा पूर्ण वळण्याची किंवा मुळींच न वळण्याची. थोडें वळणें हा प्रकार नव्हता. १९६४ च्या सुमारास डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांनीं अंकपद्धतीचें प्रमाणबद्ध नियंत्रण व्यवहारांत आणलें, तेव्हां बोट जितकें हललें तितकेंच सुकाणूं हलावें ही साधी वाटणारी गोष्ट प्रथम नीट साधली. त्यानंतर सांगावयाजोगा एकच मोठा शत्रु उरला, तो शेजारी. दोघांनीं एकाच कंपनसंख्येवर ट्रान्समीटर सुरू केला कीं हवेंत असलेलें विमान कोणाचेंच राहत नसे. म्हणून मैदानावर एक फळी ठेवून तिजवर प्रत्येक कंपनसंख्येची एकेक खुंटी अडकवीत. ज्याच्या हातीं खुंटी त्यानेंच ट्रान्समीटर सुरू करावा असा दंडक असे. विसराळू माणसाच्या एका चुकीनें दुसऱ्याचें वर्षाचें काम मातींत जाई, आणि अशा प्रसंगीं सभ्य गृहस्थांच्या तोंडून निघणारी भाषा येथें देण्याजोगी नाहीं.

या काळाचा एक परिणाम आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे. विमान पडलें कीं 'रेडिओ फसला' हें उत्तर सर्वमान्य झालें. तें पुष्कळदां खरें असे, म्हणूनच तें खोटें सांगणाराचेंहि निभावून जाई. नापास झालेला विद्यार्थी जसा प्रश्नपत्रिकेस दोष देतो तसा हा प्रकार. प्रश्नपत्रिका कधीं कधीं खरोखरच चुकीची असते, हें त्याचें बळ. पण सुमारें २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे नवे रेडिओ आले आणि हा आधार सुटला. ते रेडिओ परस्परांच्या मार्गांत येत नाहींत. त्यांतील कित्येक तर क्षणाक्षणाला कंपनसंख्या बदलीत राहतात. हें तत्त्व पाणतीर चालविण्यासाठीं चित्रपटांतील नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनीं १९४२ सालींच पेटंट करून ठेवलें होतें, ही गोष्ट हौशी मंडळी मोठ्या कौतुकानें सांगतात. संदेश तुटला तर इंजिन बंद करण्याची सोयहि त्या यंत्रांत असते. खुंट्यांच्या फळ्या अडगळींत गेल्या. आणि तरीहि विमानें पडतच राहिलीं.

आतां दोष द्यावयाचा कोणास? येथें माणसाच्या हाताची व डोळ्याची गोष्ट येते. विमान आपल्यापासून दूर जात असतां त्याचें उजवें तें आपलें उजवें. तेंच तोंड फिरवून आपल्याकडे येऊं लागलें कीं आपला उजवा हात तो त्याचा डावा. खुर्चींत बसून वाचणारास हें सोपें वाटेल. परंतु तासाला चाळीस-पन्नास मैल वेगानें अंगावर येणारें, एका बाजूस कललेलें विमान सरळ करावयाचें असतां बोट सहजगत्या उलट जातें, विमान अधिक कलतें, भेदरलेला चालक तीच चूक अधिक जोरानें करतो, आणि दोन सेकंदांत खेळ आटोपतो. म्हणून जाणते लोक नवशिक्यास एक युक्ति शिकवितात: डावेंउजवें विसर, आणि जो पंख खालीं झुकला असेल त्याच्या बाजूस दांडी ढकल, जणूं त्या पंखाखालीं टेकू देत आहेस. ही युक्ति अंगवळणीं पडेपर्यंत तीन-चार विमानांची आहुति पडणें यांत कोणास गैर वाटत नाहीं.

विमानांत बसलेल्या वैमानिकास आपला वेग अंगानें कळतो. जमिनीवरच्यास तो डोळ्यांनीं ताडावा लागतो. पाठीमागून वारा असला कीं विमान जमिनीच्या मानानें वेगानें जातांना दिसतें, चालक तें मंद करतो, आणि पंखांखालचा हवेचा आधार सुटून तें एका अंगावर कोसळतें. उतरण्यापूर्वींच्या शेवटच्या वळणावर असें पडलेलीं विमानें अगणित असतील. सूर्यासमोरून नेलेलें विमान काळा ठिपका होऊन जातें; मग तें येत आहे कीं जात आहे हेंच कळत नाहीं. दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या गेल्यामुळें उजवी आज्ञा डावीकडे वळविणारें विमान तपासल्याशिवाय उडविणें, हा तर मुरलेल्या लोकांचा अपराध आहे. नवशिका भीतीपोटीं चारदां तपासतो. नवशिका न कळून पाडतो आणि मुरलेला दाखवावयास जाऊन पाडतो, असें आमचें निरीक्षण आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेंत नमुना-विमानें करण्याचें शिक्षण देतात. तेथील मुलें पडलेल्या विमानाभोंवतीं उभीं राहून कारणांची चर्चा करूं लागलीं म्हणजे वारा, बॅटरी, गोंद आणि लाकूड यांची नांवें प्रथम निघतात, व हाताचें नांव सर्वांत शेवटीं, तेंहि दुसऱ्याच्या हाताचें.

अलीकडे पडण्याची किंमतच कमी झाली आहे. लवचीक फेसाचीं विमानें जमिनीवर आपटून उसळी मारतात, चिकटपट्टीनें सांधलीं जातात आणि अर्ध्या तासांत पुन्हां वर जातात. गुरूचा व शिष्याचा ट्रान्समीटर जोडून ऐन वेळीं ताबा गुरूकडे घेतां येतो. संगणकाच्या पडद्यावर तर शंभर वेळां पडलें तरी वेंचावयास तुकडाहि नसतो. तोल सांवरणारी यंत्रेंहि विमानांत बसवितां येतात. कळ दाबली कीं विमान आपोआप सरळ होतें. जुनी मंडळी यावर नाक मुरडतात. आम्ही त्यांच्या बाजूचे नाहीं. दोन महिने खपून केलेलें विमान दोन सेकंदांत गमावण्यांत कांहीं पुण्य आहे असें मानण्याचें कारण दिसत नाहीं. केवळ त्या धास्तीनें हा छंद सोडलेले लोक थोडे नसतील.

पण पडण्याची किंमत नेहमीं पाडणारालाच मोजावी लागते असें नाहीं, आणि या इतिहासांतील काळें पान तेंच आहे. ९ डिसेंबर १९७९ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरांत हौशी चालकांनीं करमणुकीसाठीं रेडिओचीं विमानें उडविलीं. त्यांत गवत कापण्याच्या यंत्राच्या आकाराचें एक होतें. गवत कापण्याचें यंत्र आकाशांत उडतांना पाहून लोक हंसले असतील. तें प्रेक्षकांत जाऊन पडलें आणि त्यांतील एका तरुणास प्राणास मुकावें लागलें. तो तरुण सामना पाहण्यास आला होता. या छंदाशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. मैदानाची मर्यादा, प्रेक्षकांपासूनचें अंतर, विमानाचें वजन यांविषयींच्या नियमांस कित्येक हौशी चालक जाच म्हणतात. आपलें विमान पडणारच नाहीं अशी ग्वाही त्यांपैकीं कोणीहि देऊं शकणार नाहीं, आणि ज्यास ती देतां येत नाहीं त्यानें लोकांच्या डोक्यावरून विमान नेऊं नये, एवढाच त्या नियमांचा अर्थ आहे. १९७९ च्या त्या दिवशीं दोष रेडिओचा होता कीं हाताचा, या वादास त्या तरुणाच्या दृष्टीनें अर्थ नव्हता.

आपल्याच खर्चानें पडण्याची तयारी मात्र किती फलदायी असते हें पॉल मॅक्रेडी यांनीं दाखवून दिलें. ते लहानपणीं नमुना-विमानांचे विक्रमवीर होते. केवळ माणसाच्या स्नायूंच्या बळावर अर्ध्या मैलावरील दोन खांबांभोंवतीं इंग्रजी आठाच्या आकारानें उडणारास क्रेमर यांनीं बक्षिस लावलें होतें. १९५९ पासून अठरा वर्षें तें कोणास मिळालें नव्हतें. इतर स्पर्धक लाकडी कलाकुसरीचीं देखणीं विमानें बांधीत, आणि तीं मोडलीं कीं दुरुस्तींत महिने जात. मॅक्रेडींनीं ॲल्युमिनियमच्या नळ्या, पातळ प्लॅस्टिक आणि पियानोची तार यांचें असें विमान केलें कीं तें हळू उडावें, हळू पडावें, आणि लगेच सांधतां यावें. तें पुष्कळदां मोडलें. २३ ऑगस्ट १९७७ रोजीं त्यांच्या 'गॉसमर काँडॉर'नें बक्षिस जिंकलें. पडण्याचा वेळ वांचविणें अशक्य असेल तर उठण्याचा वेळ वांचवावा, ही नमुना-विमानें मोडून मोडून आलेली बुद्धि होय. त्याच सुमारच्या दुसऱ्या क्षेत्रांत, अवकाशांतून परत येणाऱ्या पंखरहित यानांचा विचार नासामध्यें चालला असतां, १९६२ सालीं डेल रीड या हौशी अभियंत्यानें त्या आकाराचें लहानसें यान रेडिओच्या विमानामागें बांधून उडविलें, त्याच्या पत्नीनें त्याचें चलच्चित्र घेतलें, आणि तें पाहून वरिष्ठांचें मन वळलें. अर्थात् मॅक्रेडींसहि यश नेहमींच आलें असें नाहीं. प्राचीन काळच्या प्रचंड उडत्या सरड्याची त्यांनीं केलेली अठरा फूट पंखांची, पंख फडफडविणारी प्रतिमा रेडिओवर उत्तम उडाली होती. मे १९८६ मध्यें वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज विमानतळावर जमलेल्या मोठ्या समुदायासमोर मात्र ती कोसळली. प्रेक्षक जितके अधिक तितकें विमान पडण्याची शक्यता अधिक, या हौशी लोकांच्या जुन्या समजुतीस यामुळें पुष्टीच मिळाली असावी.

शेवटीं मेनार्ड हिल यांच्याविषयीं लिहिलें पाहिजे. धातुशास्त्रज्ञ असलेल्या या गृहस्थांनीं १९७० सालीं रेडिओचें विमान ८,२०५ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला होता. म्हातारपणीं त्यांस जवळजवळ दिसेनासें झालें, ऐकूंहि कमी येऊं लागलें. हात आणि डोळा यांच्या ज्या चुकांविषयीं आम्हीं वर लिहिलें त्या करण्याचीहि सोय उरली नाहीं. तेव्हां त्यांनीं पांच किलोच्या आंतील बालसा लाकडाचें विमान अटलांटिक महासागरापलीकडे पाठविण्याचें मनांत घेतलें. विमान सोडणें आणि उतरविणें मित्रांनीं करावयाचें, मधला मार्ग उपग्रहांच्या आधारें विमानानें स्वतः काढावयाचा. २००२ सालीं सोडलेलीं तीन विमानें नाहींशीं झालीं. २००३ च्या ऑगस्टांत चौथेंहि गेलें. पांचवें ९ ऑगस्टला न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर येथून निघालें, ३८ तास ५२ मिनिटें उडत राहिलें, आणि ११ ऑगस्टला सुमारें ३,००० किलोमीटरांवर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पोंचलें. तेथें वाट पाहत असलेल्या डेव्ह ब्राउन यांनीं ट्रान्समीटर हातांत घेऊन तें मॅनिन येथें धक्काहि न लागतां उतरविलें. टांकींत तेल अगदीं तळाशीं होतें. तेथून जवळच, क्लिफ्डनच्या बाजूस, ती दलदल आहे जींत अल्कॉक आणि ब्राउन हे १९१९ सालीं अटलांटिक न थांबतां ओलांडून आलेले पहिले वैमानिक हिरवें कुरण समजून उतरले, आणि त्यांचें विमान नाकावर उभें राहिलें.